क्वीनचा शेवटचा अल्बम कोणता?

दोस्तांनो, शाळेचा सामना रंगात आला की बाकावर दोनदा थाप आणि एकदा टाळी असा ठेका कुणीतरी धरतंच. धम्-धम्-टाळी, धम्-धम्-टाळी! हा ठेका आला कुठून, ठाऊक आहे? १९७७ साली इंग्लंडमधल्या ‘क्वीन’ नावाच्या रॉक बँडनं ‘वुई विल रॉक यू’ या गाण्यासाठी तो बांधला. त्यात ड्रम नाहीच बरं का! नुसते पाय आपटलेत आणि टाळ्या वाजवल्यात.

क्वीनमध्ये चौघे जण. गायक फ्रेडी मर्क्युरी, गिटारवाले ब्रायन मे, ड्रम वाजवणारे रॉजर टेलर आणि बेस गिटारवाले जॉन डीकन. फ्रेडीचं खरं नाव फरोख बलसारा. पारशी घरातला हा मुलगा १९४६ मध्ये झांझिबारला जन्मला आणि वयाच्या आठव्या वर्षी शिकायला आला तो थेट आपल्या पाचगणीच्या बोर्डिंग शाळेत! ‘द हेक्टिक्स’ हा त्याचा पहिला बँड त्याच शाळेतला. ब्रायन मे यांची तर आणखीच गंमत. त्यांनी आपली गिटार वडिलांच्या मदतीनं घरीच बनवली. लाकूड कुठलं, तर एका जुन्या शेकोटीच्या चौकटीचं! (पुढे २००७ मध्ये ते खगोलशास्त्राचे डॉक्टरही झाले.)

फ्रेडी १९९१ मध्ये गेला. पण क्वीनचे चाहते एका गोष्टीवरून अजून भांडतात. बँडचे नंतरचे अल्बम चांगले की वाईट? अल्बम म्हणजे एका वेळी बाहेर काढलेल्या आठ-दहा गाण्यांचा संच. १९७५ च्या ‘अ नाइट अ‍ॅट द ऑपेरा’बद्दल वाद नाही. तो सगळ्यांनाच आवडतो. वाद सुरू होतो तो १९८२ च्या ‘हॉट स्पेस’पासून.

झालं असं, की १९८० मध्ये डीकन यांचं ‘अनदर वन बाइट्स द डस्ट’ हे नाचाच्या ठेक्याचं गाणं अमेरिकेत पहिल्या नंबरावर गेलं. मग बँडला वाटलं, आता असंच करू या! ‘हॉट स्पेस’च्या रेकॉर्डची पहिली बाजू नाचाच्या गाण्यांनी भरली. चाहते भडकले. ज्या बँडनं आपल्या सुरुवातीच्या रेकॉर्डच्या पाकिटांवर ‘आम्ही सिंथेसायझर वापरलेला नाही’ असं अभिमानानं छापलं होतं, तोच बँड आता यंत्रांवर नाचतोय! दुसऱ्या बाजूचे चाहते म्हणतात, अहो, तेच तेच किती दिवस वाजवायचं? आणि याच अल्बमवर डेव्हिड बोवी यांच्यासोबतचं ‘अंडर प्रेशर’ आहे, ते कसं विसरता?

मला विचाराल तर दोघांचंही थोडं थोडं चुकतं. नाचाची गाणी केली यात वाईट काहीच नाही. पण ती घरी बनवलेली गिटार त्या पहिल्या बाजूवर जवळजवळ बसूनच आहे. खो-खोच्या संघातला सगळ्यात चपळ गडी बाहेर बसवून कसं चालेल? आणि ‘अंडर प्रेशर’ हे तर १९८१ मध्येच वेगळं निघालेलं गाणं. त्याच्या जोरावर अख्खा अल्बम पास करायचा म्हणजे एका गणिताच्या मार्कांवर सगळे विषय पास!

मधले अल्बम बरे आहेत, त्यांत फार अडकत नाही. फक्त १९८९ चा ‘द मिरॅकल’ लक्षात ठेवा. तोवर बहुतेक गाण्यांखाली ज्याचं त्याचं नाव असायचं. या वेळी पहिल्यांदाच सगळी गाणी चौघांच्या नावावर निघाली. मुखपृष्ठावरही चौघांचे चेहरे एकमेकांत मिसळलेले.

आता खरा वाद. फेब्रुवारी १९९१ मध्ये ‘इन्युएन्डो’ आला. पहिलंच गाणं साडेसहा मिनिटांचं आणि त्याच्या मध्यावर चक्क स्पॅनिश गिटार! ती वाजवायला ‘येस’ या दुसऱ्या बँडचे स्टीव्ह हाऊ आले होते. फ्रेडी तेव्हा फार आजारी होता. अफवा होत्या, पण बँडनं काही जाहीर केलं नव्हतं. २३ नोव्हेंबरला त्यानं आपल्याला एड्स असल्याचं जगाला सांगितलं आणि दुसऱ्याच दिवशी तो गेला. त्या काळी या आजारावर आजच्यासारखी औषधं नव्हती.

काही जण म्हणतात, ‘इन्युएन्डो’ लोकांना आवडतो तो फ्रेडीच्या दुःखामुळे. पण तारखा बघा ना! अल्बम फेब्रुवारीतच इंग्लंडमध्ये पहिल्या नंबरावर गेला होता. दुःख जाहीर झालं नऊ महिन्यांनी. शेवटचं ‘द शो मस्ट गो ऑन’ ऐका. आवाज कुठेही डळमळत नाही. नंतरच्या अल्बममध्ये मी याला पहिला नंबर देईन.

‘इन्युएन्डो’ झाल्यावरही फ्रेडी स्वित्झर्लंडमधल्या माँत्रो गावी, तळ्याकाठी, गात राहिला. मला शब्द लिहून द्या, मी गाऊन ठेवतो, उरलेलं नंतर तुम्ही पुरं करा, असं त्यानं मित्रांना सांगितलं होतं. तिघांनी ते पुरं केलं आणि १९९५ मध्ये ‘मेड इन हेवन’ निघाला.

इथे चाहत्यांचे सरळ दोन तट पडतात. एक तट म्हणतो, हा क्वीनचा अल्बमच नव्हे, ही तर गोधडी! ‘आय वॉज बॉर्न टू लव्ह यू’ हे गाणं फ्रेडीच्या १९८५ च्या एकट्याच्या अल्बममधलं. तिथला आवाज उचलून त्याच्यामागे नवं वाजवलंय. ज्या गाण्याला फ्रेडीनं शेवटचा होकार दिलाच नाही, ते त्याचं कसं म्हणायचं?

हा मुद्दा हसण्यावारी नेण्यासारखा नाही. अर्धं राहिलेलं चित्र दुसऱ्या कुणी रंगवलं, तर ते चित्र कुणाचं? पण ‘मदर लव्ह’ ऐकलं की मी दुसऱ्या तटात जाते. फ्रेडीनं रेकॉर्ड केलेला हा शेवटचा आवाज. शेवटचं कडवं राहिलं. थोडं बरं वाटलं की येऊन गातो म्हणाला, तो परत आलाच नाही. ते कडवं ब्रायन मे यांनी गायलं. त्यांनी फ्रेडीची नक्कल केलेली नाही. आवाज बदललेला आपल्याला सरळ कळतो आणि का बदलला तेही कळतं. मग हा अल्बम खोटा कसा? जुनी गाणी नव्यानं सजवलीत ती मला तितकी भावत नाहीत, पण माँत्रोची गाणी क्वीनचीच.

२००८ चा ‘द कॉसमॉस रॉक्स’ मात्र वेगळा. तो पॉल रॉजर्स यांच्यासोबतचा, मुखपृष्ठावर तसं नावही आहे. डीकन तेव्हा बँडमध्ये नव्हते. चौघांतले दोघेच उरले, तर नाव तेच ठेवावं का? यावर तुमच्या घरी आई-बाबांशी भांडून बघा. त्यांच्याकडे जुन्या कॅसेट असतील, तर त्या ऐकवायला लावा आणि आवडलं नाही तर ‘का’ ते सांगा. नुसतं ‘बोअर आहे’ चालणार नाही हं!

आणि हो, २०२२ मध्ये ‘फेस इट अलोन’ हे गाणं बाहेर आलं. ‘द मिरॅकल’च्या वेळी फ्रेडीनं गायलेलं, पण बाजूला पडलेलं. चाहत्यांना भांडायला आणखी एक गाणं मिळालं!