स्वप्रतिरक्षा रोग व जीन-नियमन

शरीराचे संरक्षण करणारी प्रतिकार यंत्रणा स्वतःच्याच ऊतकांवर (समान रचना व कार्य असणाऱ्या कोशिकांच्या समूहांवर) हल्ला करू लागल्यामुळे उद्‌भवणाऱ्या विकारांना स्वप्रतिरक्षा रोग म्हणतात. प्रकार १ चा मधुमेह, संधिवाताभ संधिशोथ, अवटू ग्रंथीचे काही विकार ही त्यांची परिचित उदाहरणे होत. या रोगांचे मूळ पुष्कळदा प्रतिकारक कोशिकांतील जीनांच्या (आनुवंशिक एककांच्या) नियमनात आढळते. कोणता जीन कोणत्या कोशिकेत, केव्हा व किती प्रमाणात कार्य करील, हे ठरविणाऱ्या यंत्रणेस जीन-नियमन म्हणतात.

जीन-नियमनाचे स्वरूप : शरीरातील बहुतेक सर्व कोशिकांतील डीएनए जवळजवळ सारखेच असते, तरीही यकृतातील कोशिका व रक्तातील लसीका कोशिका यांची कार्ये अगदी भिन्न असतात, कारण प्रत्येकीत निरनिराळे जीन कार्यान्वित असतात. जीनातील माहितीची आरएनएच्या रूपात प्रत तयार होण्याच्या क्रियेला प्रतिलेखन म्हणतात. ही क्रिया घडवून आणणारी वा रोखणारी प्रथिने डीएनएच्या विशिष्ट भागांना चिकटतात. त्यांपैकी प्रतिलेखन वाढविणाऱ्या भागांना वर्धक ही संज्ञा असून ते संबंधित जीनापासून बरेच दूरही असू शकतात. नियामक भागांना मिथिल गट जोडले गेल्यास तो जीन सामान्यतः निष्क्रिय राहतो.

स्वसहिष्णुता : लसीका कोशिकांपैकी टी कोशिका यौवनलोपी ग्रंथीत परिपक्व होतात. त्यांच्या पृष्ठभागावरील ग्राही प्रथिनांची जडणघडण यदृच्छेने होत असल्यामुळे काही टी कोशिका शरीरातील प्रथिनांनाच परकी मानण्याचा धोका असतो. म्हणून या ग्रंथीत त्यांची पारख होते. एरवी अग्निपिंडात तयार होणाऱ्या इन्सुलिनासारखी प्रथिनेही येथे अल्प प्रमाणात निर्माण होतात व त्यांना घट्ट चिकटणाऱ्या बहुतेक टी कोशिका नष्ट केल्या जातात. अशा अनेक प्रथिनांच्या निर्मितीस चालना देणारा ‘एअर’ नावाचा नियामक जीन १९९७ मध्ये ओळखण्यात आला. तो सदोष असल्यास परावटू व अधिवृक्क यांसारख्या अनेक ग्रंथींवर एकाच व्यक्तीत स्वप्रतिरक्षेचा आघात होतो.

ही पारख परिपूर्ण नसते. तिच्यातून सुटलेल्या टी कोशिका निरोगी माणसाच्या रक्तातही असतात. त्यांना आवरून धरण्याचे काम नियामक टी कोशिका करतात.

नियामक टी कोशिकांचा शोध : नवजात उंदरांची यौवनलोपी ग्रंथी जन्मानंतर तिसऱ्या दिवशी काढून टाकली असता त्यांना स्वप्रतिरक्षा रोग होतात, असे जपानमध्ये आढळले होते. या प्रयोगांचा पाठपुरावा करून शिमोन साकागुची यांनी १९९५ मध्ये इतर टी कोशिकांना आवर घालणारा एक वेगळा टी कोशिका-वर्ग दाखवून दिला.

या वर्गामागील जीनाचा मागोवा दुसऱ्याच वाटेने लागला. अमेरिकेतील ओक रिज येथील प्रयोगशाळेत १९४९ मध्ये काही नर उंदीर खवलेदार त्वचा व सुजलेल्या लसीका ग्रंथी घेऊन जन्मले आणि काही आठवड्यांतच मेले. हा दोष एक्स-गुणसूत्रावर होता. मेरी ब्रंको, फ्रेड रॅम्सडेल व त्यांचे सहकारी यांनी संशयित भागातील २० जीन एकामागून एक तपासले. विसावा जीन सदोष निघाला. २००१ मध्ये त्याचे वर्णन प्रसिद्ध झाले व त्याला ‘फॉक्सपी ३’ हे नाव मिळाले. साध्या टी कोशिकांत हा जीन घातल्यास त्यांना नियामक गुणधर्म प्राप्त होतात, हे २००३ मध्ये सिद्ध झाले. या कार्याबद्दल ब्रंको, रॅम्सडेल व साकागुची यांना २०२५ चे वैद्यकाचे नोबेल पारितोषिक विभागून देण्यात आले.

फॉक्सपी ३ चे कार्य : या जीनापासून बनणारे प्रथिन स्वतः इतर जीनांचे नियमन करते. टी कोशिकांची वाढ करणाऱ्या इंटरल्यूकिन-२ या पदार्थाचा जीन ते दडपते, तर त्याच पदार्थाच्या ग्राहीचा जीन अधिक कार्यशील करते. परिणामी नियामक कोशिका हा पदार्थ निर्माण न करता भोवतालचा साठा शोषून घेते. खुद्द फॉक्सपी ३ जीनाच्या एका नियामक भागावरील मिथिल गट या कोशिकांत काढले गेलेले असतात. त्यामुळे कोशिका-विभाजनानंतरही तिचे स्वरूप टिकते.

मानवात हा जीन निकामी असल्यास ‘आयपेक्स’ हा दुर्मिळ रोग होतो. तो बहुधा मुलग्यांत आढळतो. तान्ह्या वयातच तीव्र अतिसार, इसब व मधुमेह दिसू लागतात. उपचार न झाल्यास मूल बहुधा लहानपणीच दगावते. निरोगी दात्याच्या रक्तजनक मूल कोशिकांच्या रोपणाने काही रुग्ण वाचविता येतात. कारक जंतू नसतानाही केवळ आवर घालणाऱ्या कोशिकांच्या अभावी मृत्यू ओढवतो, यावरून स्वसहिष्णुता ही शरीराला सतत राखावी लागणारी अवस्था आहे, हे स्पष्ट होते.

सामान्य रोगांतील स्थिती : प्रकार १ चा मधुमेह किंवा संधिवाताभ संधिशोथ यांत बहुधा असा एकच ठळक दोष नसतो, अल्प परिणाम करणारे अनेक आनुवंशिक भेद एकत्र येतात. २१ रोगांविषयीच्या २०१५ मधील एका अभ्यासात संभाव्य कारक भेदांपैकी सु. ९०% भेद प्रथिनांची रचना ठरविणाऱ्या भागांबाहेर व सु. ६०% प्रतिकारक कोशिकांतील वर्धकांत आढळले. म्हणजे प्रथिन निर्दोष असूनही त्याची वेळ वा मात्रा चुकते. मात्र सारखे जीन असलेल्या जुळ्यांपैकी अनेकदा एकालाच रोग होतो. त्यामुळे संसर्ग, धूम्रपान यांसारख्या बाह्य कारणांचाही विचार करावा लागतो.

उपचार : १९४८ मध्ये संधिवाताभ संधिशोथात प्रथम वापरलेले कॉर्टिसोन हे मुख्यतः जीन-नियमनाद्वारेच कार्य करते, त्याचे शरीरात बनणारे क्रियाशील रूप कोशिकेतील ग्राहीला चिकटून शोथजनक जीनांचे प्रतिलेखन कमी करते. परंतु हा परिणाम अनेक ऊतकांवर होत असल्याने अस्थी ठिसूळ होणे, संसर्ग वाढणे असे दुष्परिणाम संभवतात. २०१२ पासून अमेरिकेत या रोगासाठी वापरात आलेले टोफासिटिनिब कोशिकेच्या पृष्ठभागावरून जीनांपर्यंत जाणारा संदेश मध्येच रोखते. त्यानेही संसर्गाचा धोका वाढतो. रुग्णाच्या नियामक टी कोशिका शरीराबाहेर वाढवून परत देण्याच्या पद्धतीची चाचणी चालू आहे. संपूर्ण प्रतिकारशक्ती न दडपता केवळ अनिष्ट प्रतिक्रिया आवरणे, हे या प्रयत्नांचे उद्दिष्ट आहे.