तेरा येलदरींचा दाब

परभणी जिल्ह्यातल्या येलदरी धरणाची उंची पायापासून सुमारे ५१ मीटर. जलाशय काठोकाठ भरला की तळाजवळ प्रत्येक चौरस सेंटिमीटरवर चार-पाच किलो भार पडतो. पूर्णा नदीचं पाणी याच जोरावर खालच्या वीजघरातले साडेसात मेगावॅटचे तीन संच फिरवतं. १९६८ पासून हे काम चालू आहे आणि आजही भिंतीखाली उभं राहिलं की या दाबाच्या नुसत्या विचारानं छाती दडपते.

आता जिंतूर-सेनगाव रस्त्यावर एखादी जुनी प्रीमियर पद्मिनी डोळ्यांपुढे आणा. समोर म्हैस आडवी आली आणि चालवणाऱ्यानं ब्रेकवर ४० किलोचा जोर दिला. पेडलची तरफ तो जोर साधारण पाचपट करते, म्हणजे झाले २०० किलो. हा सगळा भार समजा पाऊण इंच व्यासाच्या मास्टर सिलिंडरच्या पिस्टनवर आला. त्या पिस्टनचं क्षेत्रफळ तीन चौरस सेंटिमीटरही भरत नाही. भागाकार करून बघा, प्रत्येक चौरस सेंटिमीटरवर ७० किलो दाब येतो! एवढा दाब नुसत्या पाण्यानं आणायचा तर पाण्याचा ७०० मीटर उंच स्तंभ लागेल. येलदरीची भिंत एकावर एक अशी तेरा वेळा रचली तरी ती उंची गाठायला थोडी कमीच पडेल. आणि हा दाब करंगळीपेक्षा बारीक नळीतल्या ब्रेक ऑइलमधून, एकाच क्षणी, चारही चाकांपर्यंत पोचतो. सतराव्या शतकात पास्कलनं सांगितलेला द्रवातल्या दाबाचा नियम अंगणात उभ्या असलेल्या गाडीत मुकाट काम करत असतो.

पुढचा हिशेब मला याहून थक्क करतो. माणसांसह हजार किलोची गाडी ताशी ९० किलोमीटर वेगानं धावत असेल, तर तिच्या गतीत सुमारे ३१२ किलोज्यूल ऊर्जा असते. एक लिटर गार पाणी उकळीला आणायला जवळजवळ एवढीच ऊर्जा लागते. ब्रेक ती सगळी चार सेकंदांत उष्णतेत बदलतात, म्हणजे त्या चार सेकंदांपुरती ब्रेकची ताकद शंभरावर हॉर्सपॉवर भरते. पद्मिनीचं १०८९ सीसीचं इंजिन चाळिसाच्या आसपास. गाडीतलं सगळ्यात ताकदवान यंत्र बॉनेटखाली नसतं, ते चाकांच्या आत दडलेलं असतं. अशा शंभरेक पद्मिनींनी एकाच वेळी करकचून ब्रेक मारले तर त्या क्षणी येलदरीच्या एका संचाएवढी शक्ती उष्णता होऊन हवेत जाईल.

पद्मिनी ही आपल्या कुर्ल्याची. वालचंद हिराचंद यांच्या प्रीमियर कारखान्यात फियाट ११०० बनू लागली आणि १९७४ पासून तिला पद्मिनी हे नाव मिळालं. टॅक्सी म्हणून ती सगळ्यांच्या ओळखीची. मुंबईतली तिची काळी-पिवळी कारकीर्द ३० ऑक्टोबर २०२३ ला संपली. पण मद्रासजवळच्या शोलावरमच्या धावपट्टीवर याच फियाट शर्यतीत उतरायच्या, आणि ज्यांना वेगाची हौस होती त्यांच्यासाठी त्या काळी ती हाताशी असलेली गाडी होती. चारही चाकांना ड्रम ब्रेक. आज घरच्या घरी ती पुन्हा उभी करणाऱ्या हौशी माणसाचा पहिला प्रश्न असतो, ‘पुढे डिस्क बसवू का?’

त्यासाठी आधी ड्रमचं वागणं समजून घ्यावं लागतं. फिरता ड्रम आतून त्याच्यावर दाबल्या जाणाऱ्या पुढच्या शूला आपल्याबरोबर ओढत नेतो आणि त्या ओढीनंच शू अधिक घट्ट दाबला जातो. पायाला फुकटची मदत मिळते. पण तापला की ड्रम फुगतो. २५० मिलिमीटर व्यासाचा ओतीव लोखंडी ड्रम २०० अंशांनी तापला तर व्यास अर्धा मिलिमीटर वाढतो, म्हणजे तो शूपासून लांब पळतो. पेडल खाली खाली जातं. शिवाय शूवरच्या अती तापलेल्या लायनरची पकडही सुटते. लांब उतारावर जुन्या गाडीचा ब्रेक ‘लागत नाही’ तो यामुळे. डिस्क तापली की जाड होते, म्हणजे पॅडकडेच सरकते, आणि उघड्यावर असल्यानं वारा तिला थंड करतो. १९५३ च्या ‘ल मान्स’च्या २४ तासांच्या शर्यतीत जॅग्वारनं डिस्क ब्रेकच्या जोरावर बाजी मारली. तिचे चालक वळणाच्या इतरांपेक्षा जास्त जवळ जाऊन ब्रेक मारू शकत होते. ब्रेक चांगला असला की गाडी जास्त वेगानं नेता येते, हे त्या दिवशी जगानं पाहिलं.

ड्रम असो की डिस्क, दोन्ही बहुधा करड्या ओतीव लोखंडाचे. कोल्हापूर-शिरोलीच्या फाउंड्र्यांमध्ये असं ओतकाम वर्षानुवर्षं होत आलं आहे. या लोखंडात ग्रॅफाइटच्या सूक्ष्म पाकळ्या पसरलेल्या असतात. त्या उष्णता झटपट वाहून नेतात आणि कंप गिळतात. पोलाद अधिक मजबूत असलं तरी हे काम या ‘ठिसूळ’ लोखंडाला चांगलं जमतं.

पण डिस्क लावली म्हणजे काम झालं असं नाही. डिस्कला ती फुकटची ओढ मिळत नाही, म्हणून दाब जास्त लागतो. मास्टर सिलिंडर बदलावा लागतो किंवा बूस्टर लावावा लागतो. ड्रमसाठी बनलेल्या बऱ्याच मास्टर सिलिंडरमध्ये एक छोटा व्हॉल्व्ह असतो, जो नळीत थोडासा दाब कायम अडवून ठेवतो. डिस्कच्या लाइनवर तो तसाच राहिला तर पॅड सतत घासत राहतात आणि चाक तापतं. पुढचे-मागचे ब्रेक यांचं गणितही बिघडता कामा नये. मागची चाकं आधी जाम झाली की गाडी गर्रकन फिरते. शेवटी गाडी थांबते ती टायर आणि डांबर यांच्या पकडीवर. टायर कडक होऊन भेगाळलेले असतील तर सर्वोत्तम डिस्कचाही उपयोग शून्य.

म्हणून माझं मत स्पष्ट आहे: आधी आहे तोच ब्रेक पूर्ण निरोगी करा. वर्षानुवर्षं उभ्या राहिलेल्या गाडीचा ड्रम उघडला की आत तपकिरी भुकटी दिसते. ती फुंकू नका, हवाही मारू नका. जुन्या लायनरमध्ये ॲस्बेस्टॉस असायचं आणि ते फुप्फुसात गेलं की बाहेर येत नाही. तोंडाला चांगला मास्क लावून ओल्या फडक्यानं पुसा. व्हील सिलिंडरचं रबर उचला. खाली पिस्टन गंजून बसलेला सापडेल. हा गंज आतूनच येतो, कारण ब्रेक ऑइल हवेतली ओल शोषतं. ताजं डॉट ३ ऑइल २०५ अंशांना उकळतं. पावणेचार टक्के पाणी मुरलं की १४० ला. उकळलं की वाफ होते, वाफ दाबली जाते आणि पाय थेट फ्लोअरला टेकतो. तेरा येलदरींचा दाब बुडबुड्यांत हरवतो.

रबरी होज तर मोठा फसवा. बाहेरून धड दिसतो, आतून सुजलेला असतो. पायाच्या जोरानं ऑइल चाकाकडे जातं, पण परत येत नाही आणि एकच चाक धरून बसतं. माणसं शू बदलत राहतात, दोष होजमध्ये असतो.

सगळं जोडल्यावर ऑइलमध्ये अडकलेली हवा, म्हणजे ‘एअर’, काढायची. एक जण सीटवर, दुसरा चाकापाशी. सहसा सगळ्यात लांबच्या चाकापासून सुरुवात. चाकापाशी हवा सोडायच्या निपलला पारदर्शक नळी लावायची, तिचं दुसरं टोक बाटलीतल्या ऑइलमध्ये बुडवायचं. ‘दाब… धर…’ म्हणत निपल अर्धा आटा सैल केला की नळीतून फेस येतो, मग मोठे बुडबुडे, मग मोहरीएवढे. निपल कसल्याशिवाय पेडल सोडायचं नाही. शेवटी मधाच्या रंगाची अखंड धार येते आणि सीटवरच्या माणसाला पायाखाली पेडल दगडासारखं लागतं. दोन पान्यांनी आणि चार हातांनी साधलेली ही गोष्ट बघताना अंगावर शहारा येतो.

डिस्क बसवायचीच असेल तर आधी परभणीच्या आरटीओत विचारा. नोंदणीतल्या तपशिलाशी विसंगत बदलांवर मोटार वाहन कायद्याच्या कलम ५२ चा अंकुश आहे. पन्नास वर्षं पूर्ण केलेल्या गाडीला २०२१ च्या नियमांनुसार व्हिंटेज नोंदणी मिळू शकते, पण त्यासाठी मूळ रूप जपलेलं लागतं. तुमच्या वाड्यात ताडपत्रीखाली अशी गाडी उभी असेल तर इंजिन सुरू करण्याच्या मोहात पडू नका. आधी मास्टर सिलिंडरच्या डबीचं झाकण उघडा. आतलं ऑइल काळं दिसलं तर काम तिथूनच सुरू करा.