यादीतील शेवटची गाडी

चंडीगड हे शहर वाहनांचा विचार करून वसविले गेले, असे म्हटल्यास वावगे ठरू नये. १९५१ पासून या शहराचा आराखडा आखताना ल कोर्बुझिए यांनी रस्त्यांचे सात वर्ग कल्पिले. शहराला बाहेरच्या प्रदेशाशी जोडणारा महामार्ग हा पहिला, सेक्टरांच्या कडेने जाणारा वेगवान वाहनांचा रस्ता हा तिसरा, तर हिरवळीतून जाणारी पायवाट ही सातवी. २००३ मध्ये सेक्टर १७ मधील शाखेत माझी बदली झाली, तेव्हा पुण्याच्या पेठांत वाढलेल्या मला हे सरळ, रुंद रस्ते अपूर्वाईचे वाटले. पुढच्याच वर्षी कर्ज काढून आम्ही मारुती ८०० घेतली. मुलगा तेव्हा सहा वर्षांचा होता.

आज तो चंडीगडमध्येच नोकरी करतो. गेल्या हिवाळ्यात त्याच्याकडे गेलो असता त्याच्या टेबलावर एक यादी दिसली. मोटारशर्यतीच्या संगणकीय खेळात कोणत्या गाड्या यायला हव्यात, याविषयी तो व त्याचे मित्र चर्चा करीत होते. अँबॅसेडर, कुर्ल्याच्या कारखान्यातील प्रीमियर पद्मिनी, रेड-दि-हिमालय शर्यत गाजविणारी जिप्सी, १९९१ मध्ये पुण्यात अवतरलेली टाटा सिएरा अशी ती यादी होती.

“एवढ्या साध्या गाड्या खेळात का नाहीत?” मी विचारले. त्याने दिलेले उत्तर वाचकांनाही उद्बोधक वाटेल. खेळात गाडी आणायची तर प्रथम उत्पादकाचा परवाना लागतो. अँबॅसेडरचे उत्पादन २०१४ मध्ये थांबले आणि २०१७ मध्ये ते नाव फ्रान्सच्या प्यूजो कंपनीकडे गेले. म्हणजे कोलकात्याच्या टॅक्सीसाठी परवानगी मागायची ती थेट फ्रान्सकडे! त्यानंतर गाडीची शेकडो छायाचित्रे, लेसरच्या साहाय्याने मोजमाप, इंजिन व धुराड्याजवळ ध्वनिग्राहक ठेवून आवाजाचे मुद्रण, वजन, टायर आणि गिअर यांचे गणित. हा खर्च जगभरच्या ग्राहकांतून भरून निघेल अशाच गाड्यांना पहिला मान मिळतो. ‘ग्रान तुरिस्मो’ या जपानी खेळात सुझुकीची आल्टो वर्क्स आली, ती तेथील तरुणांची लाडकी म्हणून.

यादीत एक अनपेक्षित नाव होते. १९३६ मध्ये कोर्बुझिए यांनी आपले चुलतबंधू पिएर जाँनरे यांच्यासह एका छोट्या, स्वस्त मोटारीचा आराखडा केला होता. ती कारखान्यातून कधीच बाहेर पडली नाही. ज्यांनी गाड्यांसाठी शहर आखले, त्यांची स्वतःची गाडी मात्र कागदावरच राहिली. पुढे जाँनरे १९६५ पर्यंत चंडीगडला राहिले आणि मृत्यूनंतर त्यांची रक्षा सुखना सरोवरात विसर्जित झाली.

यादीच्या तळाशी लिहिले होते : “मारुती ८००, पांढरी, आपली.”

मी क्षणभर गप्प झालो. २०१६ मध्ये त्याच्या महाविद्यालयाच्या प्रवेशशुल्कासाठी ती गाडी मी विकली होती. शैक्षणिक कर्ज मिळाले असते. परंतु निवृत्ती जवळ आली असताना नवा हप्ता नको, असा माझा हिशेब होता. मुलगा तेव्हा काहीच बोलला नव्हता. नजरगहाणाच्या नोंदी करण्यात हयात घालविलेल्या मला वाहन म्हणजे दरवर्षी मूल्य घटणारी मालमत्ता, एवढेच ठाऊक होते.

“कंपनी आणणार नाही, पण काही खेळांत आपण स्वतः गाडी तयार करून घालू शकतो,” तो म्हणाला. ‘असेटो कोर्सा’ या खेळात तशी सोय आहे. मोजमापे त्याने जमविली होती : ७९६ घनसेंटिमीटरचे इंजिन, चार गिअर, लांबी ३,३३५ मिलिमीटर, बारा इंची चाके. अडले होते ते आवाजापाशी. “बाबा, दुसऱ्या गिअरमध्ये ती कशी वाजायची?”

मला सांगता येईना. दुसऱ्या दिवशी आम्ही मणिमाजऱ्याच्या मोटार बाजारात गेलो. एका मेकॅनिककडे जुनी, चालती ८०० होती. आमचा हेतू ऐकून सरदारजी मनमुराद हसले आणि किल्ली माझ्याच हाती दिली. मुलाने मोबाईल धरला, मी गाडी सुरू केली. दुसरा गिअर पडताच तो मागच्या आसनावरून म्हणाला, “हाच!”

लहानपणी तो तेथेच बसत असे.

गाडी अजून पूर्ण व्हायची आहे. रंगाविषयी त्याने परवा दूरध्वनीवर विचारले. मी जपून ठेवलेल्या कर्जफेडीच्या कागदांत पाहिले आणि त्यावरील नोंद त्याला वाचून दाखविली.