छतावरचं ऊन, भट्टीतलं लोखंड

इंडक्शन भट्टीत एक टन लोखंड वितळवायला साधारण ६०० युनिट वीज लागते. कोल्हापूरजवळच्या शिरोली किंवा गोकुळ शिरगावच्या फाउंड्रीवाल्याला हा आकडा तोंडपाठ असतो. म्हणूनच सोलरचा विचार मनात आला की पहिला प्रश्न येतो, ‘भट्टी चालेल का?’

छताचा हिशोब मांडून पाहू. एका किलोवॉटला सुमारे १०० चौरस फूट जागा लागते आणि आपल्याकडच्या उन्हात त्यातून रोज सरासरी ४ युनिट मिळतात. म्हणजे १०,००० चौरस फुटांच्या शेडवर १०० किलोवॉट बसवले तर दिवसाला ४०० युनिट. एक टनाची एक हीटही त्यात निघत नाही.

तरीही सोलर परवडतं. कॉम्प्रेसर, सॅन्ड प्लँट, ग्राइंडिंग, पंखे, दिवे हा दिवसाचा भार छत उचलू शकतं. वर्षाला सुमारे १ लाख ४० हजार युनिट आणि युनिटमागे ७ रुपये बचत धरली, तर ९ लाख ८० हजार रुपये वाचतात. खर्च ४५ लाख धरला, तर पाच वर्षांच्या आत पैसे फिटतात. पॅनेल मात्र २५ वर्षांच्या हिशोबाने बनवलेली असतात. पंतप्रधान सूर्यघर योजनेचं अनुदान घरांसाठी आहे, कारखान्यांना ते मिळत नाही. पण आयकरात यंत्रणेवर ४० टक्के दराने घसारा मिळतो, तो फायदा हिशोबात धरायलाच हवा.

खरी गफलत होते ती बिल न वाचल्यामुळे. सोलरने युनिट कमी होतात, मागणी आकार तितका उतरत नाही. ढगाळ दिवशी किंवा सूर्य मावळल्यावर भार पुन्हा महावितरणवरच येतो. दुसरी गोष्ट पॉवर फॅक्टरची. सोलरमुळे ग्रिडकडून घेतलेले युनिट घटतात, मोटारींची रिअॅक्टिव्ह वीज मात्र ग्रिडकडूनच येत राहते. पॉवर फॅक्टर घसरतो आणि बचतीतला काही भाग तिथेच जातो. म्हणून पॅनेलबरोबर कपॅसिटर बँकही तपासून घ्यावी. तिसरी गोष्ट, ग्रिडची वीज गेली की बॅटरी नसलेलं सोलरही बंद पडतं. तारांवर काम करणाऱ्या लाइनमनचा जीव वाचावा म्हणून ही सोय मुद्दाम केलेली असते. जनरेटर विकायची घाई त्यामुळे करू नये.

फाउंड्रीत आणखी एक शत्रू आहे, काजळी आणि वाळूची धूळ. ती बसलेली पॅनेल धुण्यासाठी पाणी, वर जायला सुरक्षित वाट आणि शेडची ताकद तपासणारा स्ट्रक्चरल इंजिनीअर, हे तिन्ही कोटेशन मागवण्याआधी ठरलं पाहिजे.

भट्टीसाठीच सौरवीज हवी असेल तर ओपन अॅक्सेसने बाहेरच्या प्रकल्पातून घ्यावी लागेल. ते पुढचं पाऊल. आधी गेल्या बारा महिन्यांची बिलं टेबलावर मांडा आणि दिवसा कोणतं यंत्र किती वीज खातं ते लिहून काढा. किती किलोवॉट घ्यायचे, हे विक्रेत्याने नव्हे, त्या कागदाने ठरवू द्या.