पवईच्या पाण्यातलं अमूर्त चित्र

पवई तलावातल्या प्रतिबिंबाचं छायाचित्र हा निव्वळ योगायोग, असा आक्षेप घेतला जातो. तो टिकत नाही. सरळ खाली पाहिलं तर पाणी जेमतेम 2 टक्के प्रकाश परावर्तित करतं. नजर जितकी तिरपी, तितकं प्रतिबिंब ठळक. पृष्ठभागाशी सुमारे 37 अंशांचा कोन साधून पोलरायझर फिरवला, की काठावरच्या टॉवरचं प्रतिबिंब जवळजवळ पुसलं जातं. शटर 1/1000 सेकंदावर ठेवलं तर खिडक्यांचे सुटे तुकडे तरंगांवर दिसतात. 1 सेकंदावर त्यांचेच रंगीत पट्टे होतात. म्हणजे तरंग निसर्गाचे असले, तरी चित्र छायाचित्रकाराच्या निवडीतूनच घडतं. मात्र जलपर्णी पसरली की प्रतिबिंबच उरत नाही. म्हणून 1891 सालचा हा तलाव स्वच्छ राखणं ही कलेचीही गरज आहे.