आपत्कालीन बिनतारी यंत्राची निवड आणि वाणीची सुबोधता

आपत्काळी वापरावयाच्या द्विमार्गी बिनतारी यंत्राची निवड हा केवळ अभियंत्यांचा विषय होय, असा समज रूढ आहे. परंतु या यंत्रातून अखेर जाते ती मानवी वाणी. म्हणून भाषाभ्यासकानेही त्याचा विचार करणे अगत्याचे आहे.

अंतराचा विचार अर्थातच प्रथम. व्हीएचएफ लहरी बहुधा सरळ रेषेत जातात. डोंगर आड आला की त्या खुंटतात. शिखरावरील रिपीटरने त्यांचे क्षेत्र वाढते. मात्र त्याचीच वीज गेली की सारी भिस्त व्यर्थ. म्हणून रिपीटरवाचून परस्परांशी थेट बोलू शकणारी यंत्रेच घ्यावीत. दूरच्या अंतरासाठी आयनांबरावरून परावर्तित होणाऱ्या एचएफ लहरी उपयोगी पडतात. २६ डिसेंबर २००४ च्या त्सुनामीनंतर हौशी बिनतारी चालकांनी पोर्ट ब्लेअरहून मुख्य भूमीशी संपर्क साधला, तो अशाच लहरींवरून.

तथापि संदेश पोहोचणे आणि तो कळणे या भिन्न गोष्टी होत. बिनतारी वाणीचा पट्टा साधारणतः ३०० ते ३,००० हर्ट्‌झ एवढाच असतो. स्वर त्यात बहुतांशी टिकतात. परंतु ‘स’सारख्या घर्षकांची बरीचशी ऊर्जा ४,००० हर्ट्‌झच्या वर असल्याने ती गळते. स्पर्शव्यंजनांचे क्षणिक स्फोटही गोंगाटात बुडतात. मग ‘सात जखमी’ की ‘साठ जखमी’, हा प्रश्न केवळ ध्वनिविचाराचा उरत नाही. डिजिटल यंत्रे खरखर दूर करतात खरी. पण संकेत एका मर्यादेखाली क्षीण झाला की वाणी हळूहळू अस्पष्ट न होता एकाएकी तुटते.

म्हणून सूचीपत्रातील अंतराच्या आकड्यांवर विसंबू नये. जनित्राच्या घरघरीत, निरनिराळ्या बोलींच्या वक्त्यांकडून अशा शब्दजोड्या उच्चारवून घ्याव्यात व श्रोत्यांना त्या कितपत अचूक कळतात ते पाहावे. आंतरराष्ट्रीय नागरी विमानवाहतूक संघटनेची १९५६ पासून रूढ असलेली वर्णसंकेतमालाही विविध भाषकांवर चाचण्या घेऊनच सिद्ध झाली.

यंत्राइतकीच वाक्यरचनाही महत्त्वाची. मराठीत नकार बहुधा वाक्याच्या अंती येतो. ‘रस्ता खुला नाही’ असे म्हणताना बोलण्याची कळ क्षणभर आधी सुटली, तर पलीकडे ‘रस्ता खुला’ एवढेच पोहोचते. तेथे ‘रस्ता बंद’ म्हणावे. ‘साठ’ऐवजी ‘सहा-शून्य’ म्हणावे. उत्तम यंत्र वाणीचे वहन करील. तिची संदिग्धता मात्र वक्त्यानेच दूर केली पाहिजे.