बंदुकीच्या बोअरची निवड : सावली परिसरातील पीकरक्षणाच्या संदर्भात एक विवेचन

प्रस्तावना :

चंद्रपूर जिल्ह्यातील सावली तालुका हा वैनगंगेच्या पश्चिम तीरावरील धानपट्ट्याचा भाग आहे. नदीपलीकडे गडचिरोलीचे वनक्षेत्र सुरू होते, तर पश्चिमेला मूल व सिंदेवाहीच्या जंगलांपलीकडे ताडोबा आहे. अनेक गावांत शेत व जंगल यांच्यामध्ये केवळ एका धुऱ्याचे अंतर असते. धान निसवू लागला की रानडुकरांचे कळप बांधीत उतरतात आणि शेतकऱ्याला मचाणावर रात्रभर जागल करावी लागते. काही ठिकाणी कुंपणात वीजप्रवाह सोडण्याचा बेकायदा मार्ग पत्करला जातो. त्यात रानडुकरांबरोबर वाघ व माणसेही बळी पडतात. या पार्श्वभूमीवर पीकरक्षणासाठी कोणत्या बोअरची बंदूक योग्य, हा प्रश्न केवळ शौकिनांचा राहत नाही. भारतात ही निवड प्रथम कायद्याने, नंतर काडतुसाच्या उपलब्धतेने व शेवटी भूमीच्या स्वरूपाने ठरत आली आहे, असे प्रतिपादन प्रस्तुत लेखात केले आहे.

बोअर म्हणजे काय ?

रायफलच्या नळीत आतून पीळदार आटे असतात. त्यांमुळे गोळी स्वतःभोवती फिरत सरळ जाते. अशा नळीचा आतील व्यास सामान्यतः इंचाच्या अंशांत सांगतात. उदाहरणार्थ, .३१५ म्हणजे सुमारे ८ मिलिमीटर. आटे नसलेल्या गुळगुळीत नळीची मोजणी निराळी आहे. एक पौंड शिशाच्या समान बारा गोळ्या केल्यास त्यांतील एका गोळीच्या व्यासाएवढी नळी ती बारा बोअरची होय. हा व्यास सुमारे १८.५ मिलिमीटर भरतो.

व्यास मोठा म्हणजे बंदूक अधिक परिणामकारक, हा समज अपुरा आहे. गोळीचे वजन, वेग, तिची रचना व नेम या चारही गोष्टी एकत्रितपणे परिणाम घडवतात. जिम कॉर्बेट यांना चंपावतच्या नरभक्षक वाघिणीच्या १९०७ मधील शिकारीबद्दल .२७५ रिग्बी रायफल भेट मिळाली. तिची गोळी १४० ग्रेन, म्हणजे सुमारे ९ ग्रॅम वजनाची होती. त्याच काळातील .४५० नायट्रो एक्स्प्रेसची गोळी ४८० ग्रेनची, म्हणजे ३१ ग्रॅमची होती. तरीही कॉर्बेट यांनी हलक्या रायफलीने नरभक्षक मारले, कारण तिचा धक्का कमी असून नेम अचूक साधता येत असे.

कायद्याने घडवलेली निवड :

विसाव्या शतकाच्या आरंभी संस्थानिक व इंग्रज अधिकारी लंडन–बर्मिंगहॅमच्या कारागिरांकडून स्वतःच्या मापाच्या रायफली घडवून घेत. १९०७ मध्ये .४५० व्यासाच्या रायफली व काडतुसे भारतात आणण्यास बंदी घालण्यात आली. जुन्या मार्टिनी-हेन्री रायफली बंडखोरांच्या हाती होत्या आणि हे साहित्य त्यांना उपयोगी पडेल, अशी सरकारला भीती होती. परिणामी .४६५, .४७० यांसारखे बोअर पुढे आले. वाघ वा गवा यांच्या शरीरात या बदलाचे कोणतेही कारण नव्हते.

.३१५ बोअरची कथाही अशीच आहे. .३०३ हे लष्करी काडतूस नागरिकांना वर्ज्य असल्याने जुन्या ऑस्ट्रियन ८ मिलिमीटर काडतुसावर आधारित हा बोअर रूढ झाला. ईशापूरच्या कारखान्यात ही रायफल आणि पुण्याजवळील खडकीच्या कारखान्यात तिची काडतुसे तयार होऊ लागली. भारतीय परवानाधारकांमध्ये ती सर्वपरिचित होण्यामागे ही उपलब्धताच आहे.

आजची कायदेशीर चौकट :

वन्यजीव (संरक्षण) अधिनियम, १९७२ नुसार शिकार निषिद्ध आहे. त्यामुळे छंदासाठी रायफल घडवून घेण्याचा प्रश्नच उरत नाही. कलम ११ मात्र जीवित वा उभ्या पिकास धोका निर्माण करणाऱ्या प्राण्यांबाबत मर्यादित परवानगीची तरतूद करते. महाराष्ट्र शासनाने २०१५ मध्ये रानडुक्कर व रोही यांच्या संदर्भात अशा परवान्याची कार्यपद्धती निश्चित केली. वाघासारख्या अनुसूची एकमधील प्राण्याबाबत त्यास पकडणे, बेशुद्ध करणे वा स्थलांतरित करणे शक्य नाही, अशी मुख्य वन्यजीव रक्षकाची खात्री होणे आवश्यक असते.

शस्त्र अधिनियम, १९५९ मधील कलम १३ पीकरक्षणासाठी ठासणीच्या, म्हणजे लोकभाषेत भरमार बंदुकीचा उल्लेख करते. ती अपुरी असल्याची परवाना अधिकाऱ्याची खात्री झाल्यास गुळगुळीत नळीची अन्य बंदूक देता येते. म्हणजे शेतकऱ्याच्या हाती कोणती नळी असावी, याचा प्राथमिक निर्णय कायद्यानेच केला आहे.

भूमी आणि बोअर :

ही मर्यादा सावलीच्या भूमीशी काही अंशी सुसंगत आहे. जंगलाच्या कडेला रानडुक्कर बहुधा जवळून दिसते. बांधी सपाट व उघडी असते, शेजारच्या शेतातही जागल चालू असते आणि मोहफुले वा तेंदूपाने वेचणारी माणसे पहाटेच रानात शिरतात. .३०-०६ रायफलची १८० ग्रेनची गोळी नळीतून बाहेर पडताना सुमारे ३,९०० ज्यूल ऊर्जा वाहते आणि चुकल्यास तीन किलोमीटरहून अधिक जाऊ शकते. बारा बोअरच्या गोळीची मारकक्षमता पन्नास-साठ मीटरपुढे झपाट्याने घटते. येथे हा दोष संरक्षक ठरतो.

तथापि बारीक छर्रे रानडुकरासाठी अयोग्य होत. .२२ बोअरची गोळीही सुमारे १९० ज्यूलच ऊर्जा देते. अशा माऱ्याने प्राणी जखमी होऊन झुडपात शिरतो, वेदनेने मरतो किंवा दुसऱ्या दिवशी वाटसरूवर उलटतो. अधिकृत नेमबाजास रायफल वापरायची असल्यास .३१५ सारखा मध्यम बोअर, शरीरात पसरून तेथेच थांबणारी मऊ नाकाची गोळी आणि मचाणावरून खाली रोखलेला नेम ही त्रयी उचित ठरते. मचाणावरून झाडलेली गोळी आरपार गेली तरी जमिनीत रुतते.

निष्कर्ष :

बोअरची निवड ही बळाची स्पर्धा नसून जबाबदारीची मोजणी आहे. प्राणी तत्काळ मरावा, गोळी लक्ष्यापलीकडे जाऊ नये, काडतूस कायदेशीर मार्गाने मिळावे आणि परवाना हाती असावा, या चार कसोट्यांवर उतरेल तोच बोअर योग्य होय. मात्र योग्य बंदूकही एका रात्रीचेच पीक वाचवते. परवानगी व नुकसानभरपाई वेळेवर मिळाली नाही, तर शेतकरी पुन्हा विजेच्या तारेकडे वळण्याचा धोका कायम राहील.